बेटावरची टाकी

“अर्धीच भर गं. उरलेलं बेटावर आहे.”

मामांचा आवाज खरखरीत होता, घशात कायमची वाळू अडकल्यासारखा. बचावाची लाँच धक्क्यावरून सुटायच्या आधी भाची डिझेलचा पाइप टाकीत धरून उभी राहिली, की मागून हे वाक्य यायचंच. मामांना जाऊन बरीच वर्षं झाली. लाँच आता भाचीच्या हाती आहे, सगळं गाव तिला तांडेलबाई म्हणतं, केसांत पांढरं दिसायला लागलंय. तरी पाइप हातात घेतला की तो आवाज येतो, आणि तिचा हात अर्ध्यावर थांबतो.

ही काटकसर नव्हती. टाकी काठोकाठ भरलेली लाँच पाण्यात खाली बसते, लाटेवर जड चालते, आणि पाण्यातून ओढून काढलेली माणसं आत घेतली की कण्हायला लागते. बुडणाऱ्याला हलकी लाँच हवी असते. म्हणून हलकं निघायचं, माणसं उचलायची आणि परतीचं तेल सरोवराच्या मध्यावरच्या खडकाळ बेटावर भरून घ्यायचं. तिथे दिव्याच्या खांबाखाली एक लोखंडी टाकी होती. सरोवराच्या या काठाला एक देश, त्या काठाला दुसरा. नकाशावरची सरहद्द बरोबर त्या बेटाच्या अंगावरून गेलेली. पण टाकी दोघांची. एक महिना या काठाने भरायची, एक महिना त्या काठाने, आणि मधे कुणी किती वापरलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही. मामा आणि पलीकडचा म्हातारा तांडेल एका वादळानंतर त्या खडकावर ओलेचिंब होऊन बसले होते, तेव्हा हे ठरलं. कागद नाही, शिक्का नाही. भाचीने एकदा विचारलं होतं, की मामा, त्यांनी नाही पाळलं तर? तर मामा म्हणाले होते, “शब्द काय एकदा देऊन भागतो होय? तो रोज पाळायचा असतो, तोंड धुतल्यासारखा. आपण आपलं तोंड धुवावं.”

पलीकडची लाँच आता त्या म्हाताऱ्याच्या मुलाकडे होती. त्याला दोन्ही काठांवर भोंगा म्हणत. रोज सकाळी तो वायरलेसवर तांडेलबाईशी बोलायचा. वारा कसा आहे, पाणी कसं आहे, सूनबाईचे पाय सुजलेत त्यावर काय करू. तो बोलायला लागला की इंजिनाचा मिस्त्री कानात बोटं घालून म्हणायचा, “बाई, ते यंत्र बंद करा. वीज कशाला जाळता? तसंही ऐकू येतंय.”

“मिस्त्रीला सांग, मी ऐकलं!” भोंगा तिकडून ओरडायचा. “त्याच्या इंजिनापेक्षा माझा गळा बरा चालतो!”

मग ते दिवस आले. तेल जगातूनच आटत चाललं होतं म्हणे. पंपांवर आधी रांगा लागल्या, मग रांगाही लागेनाशा झाल्या. तालुक्याची बस दिवसातून एकदा यायला लागली. इस्पितळाचा जनरेटर फक्त शस्त्रक्रियेपुरता. बर्फाचा कारखाना बंद, म्हणून मासे टिकेनात. मासेमारांनी आजोबांच्या वेळची शिडं माळ्यावरून काढली आणि कुणाला धड बांधता येईनात. रुग्णांना सरोवरापलीकडच्या वस्त्यांवर नेणारी सरकारी लाँच उभी राहिली ती राहिलीच. बचावाच्या लाँचला मात्र थोडं तेल मिळत होतं, आणि त्यातलंच वाचवून, भांडून, तांडेलबाई आपल्या पाळीच्या महिन्यात बेटावरची टाकी भरत होती. भोंगा त्याच्या महिन्यात भरत होता.

दूर कुठल्या तरी शहरात तेलपरिषद भरली होती. उरलेलं तेल देशादेशांनी गुण्यागोविंदाने कसं वाटून घ्यावं, यावर चर्चा. या सरोवराचे दोन्ही देश तिथे होते. बचावकेंद्रावरचा रेडिओ रोज सांगायचा, चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.

“खेळीमेळीचंच असणार,” मिस्त्री पाना पुसत म्हणायचा. “वाटायला बसलेत. बसायला कुणाचं काय जातंय?”

त्या दिवशी सकाळी इंधन खात्याचा साहेब आला. बरोबर दोन बंदूकवाले शिपाई, रिकाम्या ड्रमांनी भरलेला ट्रक आणि एक हातपंप. साहेब तसा आडमुठा वाटत नव्हता. डोळे जागरणाने लाल, शर्टाची कॉलर विरलेली. त्याने केंद्राच्या बाकावर बसून आधी पाणी मागितलं.

“बाई, बेटावर एक टाकी आहे ना तुमची?”

“आमची नाही. आमची आणि त्यांची.”

“तेच. ती आज रिकामी करायची आहे. तेल इकडे आणायचं. तुमच्या लाँचने.”

तांडेलबाईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “रिकामी? टाकी गळतेय का?”

“टाकी गळत नाहीये. वरून हुकूम आहे. सरहद्दीवरचा साठा त्यांनी उचलायच्या आत आपण उचलायचा.”

“त्यांनी कधी उचललाय? इतकी वर्षं तिथे आहे. कुलूपसुद्धा नाही.”

“त्या वर्षांची गोष्ट सोडा हो. तेव्हा तेल होतं.”

“तेल होतं तेव्हा शब्द पाळला त्यात कसली मर्दुमकी?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. “साहेब, भोंगा, म्हणजे त्यांचा तांडेल, अर्धी टाकी घेऊन निघतो. माझ्यासारखाच. वादळात बेटावर पोचला आणि तेल नसलं तर तो परत कसा जाणार?”

“मग त्याला कळवू या की.”

“आत्ता कळवते.” ती वायरलेसकडे वळली तर एक शिपाई आधीच खोक्याशी उभा.

“थांबा, थांबा,” साहेब म्हणाला. “काम चालू असताना वायरलेस बंद. तेल कुठे आहे, किती आहे, हे उघड्यावर बोलायचं नाही, सक्त ताकीद आहे. मी कळवतो ना. रीतसर. आमच्या खात्याकडून त्यांच्या खात्याला, त्यांच्याकडून त्याला. दुपारच्या आत पोचेल.”

“नक्की?”

“शब्द देतो तुम्हाला. माझीही लेकरं आहेत बाई, मी काय राक्षस आहे?”

आणि तांडेलबाई गप्प बसली.

शहरातल्या कुणालाही हे खुळेपणाचं वाटेल. साहेब लोकांचा शब्द म्हणजे काय, हे रांगेत उभं राहिलेल्या पोरासोरालाही ठाऊक असतं. पण सरोवरावरच्या माणसांची ही खोडच होती. इथे कुणी “येतो” म्हटलं की दुसरा भर पाण्यात इंजिन बंद करून वाट बघत राहायचा, कारण तो येणारच. शब्द दिला म्हणजे काम झालंच, असं धरून इथले लोक जगत आले होते, आणि जगत आले होते म्हणूनच जिवंत होते. साहेबाने शब्द दिला तेव्हा तिच्या लेखी भोंग्याला निरोप पोचलासुद्धा.

मन मात्र खात होतं. बेटाच्या दगडाला लाँच लावताना तिने टाकीकडे बघितलंच नाही. शिपायांनी पंप लावला, मिस्त्रीने ड्रम भरले. दोन खेपा झाल्या. भरलेल्या ड्रमांनी लाँच इतकी जड झाली की दुसऱ्या खेपेला तिच्या स्वतःच्या टाकीतलं तेलही तळाला गेलं. ड्रम धक्क्यावर उतरले, त्यांच्या तोंडांना शिशाचे सरकारी शिक्के बसले, शेजारी एक शिपाई उभा राहिला.

“कळवलंत ना साहेब?”

“कळवलं, कळवलं. वर कळवलं.”

दुपार कलली तसा वारा फिरला. सकाळी काठाकडे येणारा वारा आता काठापासून आत ओढत होता, आणि पाण्याला तो काळसर मळकट रंग आला होता. अशा वेळी मामा लाँचचे दोर आधीच सैल करून ठेवायचे. धक्क्यावर दोन बायका आल्या. मासेमार भावांच्या, एकाच घरातल्या जावा. त्यांचे नवरे शिडाच्या होडीतून सुईणबाईला वरच्या वस्तीवर सोडायला गेले होते. तिकडची एक पोर अडली होती, आणि सरकारी लाँच तर उभीच.

“परतायला हवे होते एव्हाना,” थोरली म्हणाली. “तांडेलबाई, वायरलेसवर विचारा ना कुणी पाहिलं का.”

तांडेलबाई तडक आत गेली. शिपाई वायरलेससमोर खुर्ची टाकून बसला होता.

“ऊठ.”

“साहेबांचा हुकूम—”

“ऊठ म्हणते ना! माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून तोंडाने सांगतेय.”

तो उठला. तिने बटण फिरवलं, आणि आत साठून राहिल्यासारखा भोंग्याचा आवाज खोलीभर झाला.

“...ताई, ऐकतेस का? सकाळपासून बोंबलतोय मी, कुठे आहेस? तुझ्या काठची होडी उलटली होती. मी जवळ होतो म्हणून मी निघालो. दोघं भाऊ आणि सुईणबाई, तिघांनाही घेतलंय. बेटावर आलोय. पण ताई, टाकी कोरडी आहे. तळाला बोटभरही नाही. माझं इंजिन बंद पडलंय. बाईंचं अंग गार पडत चाललंय गं, त्यांना इस्पितळात न्यायला हवं. ताई, टाकीत तेल का नाही?” मग थोडा वेळ नुसती खरखर. “तू नेलंस का?”

साहेब दारात येऊन उभा होता. “उत्तर देऊ नका,” तो हळूच म्हणाला. “हे सगळं ऐकलं जातंय बाई. उद्या हाच पुरावा होईल. परिषद चालू आहे.”

“त्याला कळलं नाही,” ती साहेबाकडे न बघता म्हणाली. “तुम्ही कळवलं होतंत.”

“मी वर कळवलं. वरचे म्हणाले, आत्ता सांगितलं तर ते आधी सावध होतील, दुसरे साठे लपवतील. उद्या बघू म्हणाले. माझ्या हातात काय आहे?”

“मग शब्द कुणाच्या हातातला दिलात?”

साहेबाने काखा वर केल्या. खरोखरच केल्या, दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलून. त्या क्षणी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चोर परवडला, तो निदान चोरी स्वतःच्या नावावर करतो. हा माणूस दुसऱ्याचं परतीचं तेल पळवून आणतो, आणि वर सांगतो माझ्या हातात काय आहे! आणि त्याच्या वरचा, आणि त्याच्याही वरचा, सगळ्यांचे हात असे खांद्यापर्यंत वर. मग ते तेल टाकीतून काढलं कुणाच्या हातांनी? तिने आपल्या हातांकडे बघितलं. नखांत डिझेल होतं.

तिने वायरलेसचं बटण दाबलं. “हो दादा. मी नेलं. माझ्या लाँचने, सकाळी.”

भोंग्याचा आवाज एवढा खाली आलेला तिने कधी ऐकला नव्हता.

“कळवायचंस गं,” तो म्हणाला. “एवढंच करायचंस.”

“येते. निघालेच.”

पण निघायचं कशावर? लाँचची टाकी तळाला लागलेली, आणि तेल शिक्क्यांखाली. साहेबाने फोन उचलला. शिक्का तोडायचा तर परवानगी हवी. वरचे बैठकीत होते. वरच्यांचे सहायक म्हणाले, साठ्यातलं तेल बचावासाठी वापरता येतं की नाही याचा नियम बघावा लागेल. त्यात होडी आपली, पण ज्याने वाचवलं तो परका. तेव्हा हे प्रकरण नेमकं कोणत्या खात्याचं? साहेब फोन कानाला लावून “हो सर, हो सर” करत राहिला. बाहेर धाकटी जाऊ धक्क्यावर डोकं आपटून घ्यायची बाकी होती. वारा वाढतच होता.

तांडेलबाईने मिस्त्रीपुढे हात केला. मिस्त्रीने काही न विचारता पाना दिला. तिने पहिल्या ड्रमचा शिक्का उडवला. पहाऱ्यावरच्या शिपायाने साहेबाकडे पाहिलं, साहेबाने फोनकडे पाहिलं.

“बघताय काय?” थोरली जाऊ शिपायावर कडाडली. “बंदूक ठेव बाजूला आणि ड्रम आडवा कर! डोळ्यांत तेल घालून पहारा देतोय मेला!”

“तेवढं तरी डोळ्यांत कुठून येणार,” मिस्त्री पुटपुटला, “त्यालाही शिक्का मारलाय.” आणि शिपाई, पोरगेलाच होता बिचारा, खरंच बंदूक ठेवून ड्रमला खांदा लावायला आला.

तांडेलबाईने पाइप टाकीत धरला. सवयीने तिचा हात अर्ध्यावर थांबला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आता बेटावर काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने लाँच काठोकाठ भरली. इंजिन सुरू झालं, लाँच सुटली, आणि तिला हाताखालच्या सुकाणूतच कळलं की ही आपली लाँच नव्हे. प्रत्येक लाटेत तोंड खुपसत होती, उठायला वेळ लावत होती. ज्या अंतराचं हलक्या लाँचला काही वाटायचं नाही, ते अंतर संपेना. शेजाऱ्याचा भरवसा नसला की आपलंच ओझं आपल्याला बुडवायला बघतं, हे तिला त्या वाटेत समजलं. कुणा परिषदेला समजलं असतं तर बरं झालं असतं.

बेटावर पोचली तेव्हा संधिप्रकाश होता. दोघे भाऊ कुडकुडत खांबाला टेकून बसले होते. भोंगा खाली बसला होता, एक हात लोंबकळत होता. उलटलेल्या होडीपाशी सुईणबाईला धरायला त्याने उडी मारली होती, आणि होडीचा काठ हातावर आपटला होता. दुसऱ्या हाताने त्याने सुईणबाईला आपल्या कोटात गुंडाळून धरून ठेवलं होतं. आता धरायची गरज उरली नव्हती, तरी धरून ठेवलं होतं.

“थोड्या वेळापूर्वीच गेल्या,” तो म्हणाला. “मला विचारत होत्या, पोरगी सुटली का म्हणून. मला काय ठाऊक कोण पोरगी. मी म्हटलं, सुटली, मुलगा झालाय.”

अर्ध्या गावाला ज्या बाईने जगात आणलं होतं, ती एका खडकावर गारठून गेली. दगडाच्या पलीकडे लाँच उभी होती, धडधाकट. इंजिन चांगलं होतं. चालवणारा एका हातानेही चालवू शकला असता. कमी होतं ते दोन कॅन तेल, आणि ते सकाळपर्यंत तिथे होतं.

तांडेलबाईने गुडघ्यावर बसून सुईणबाईचा चेहरा पदराने पुसला. तिला रडू येत नव्हतं. देवापुढे रोज हात जोडताना ती कधी कुणाचं वाईट मागत नसे. त्या संध्याकाळी तिला पहिल्यांदा वाटलं, की मागावं. तिने मागितलं नाही, पण वाटलं खरं.

मिस्त्री भोंग्याच्या लाँचमध्ये तेल ओतत होता. दोघे भाऊ सुईणबाईला उचलून या लाँचवर नेत होते. भोंगा उठला. त्याचा आवाज इतका लहान झाला होता की तिला जवळ जावं लागलं.

“ताई, एक सांग. उद्यापासून मी काय करू? भरून निघू?”

“नको. आत्ता मी भरून आले, म्हणून तर उशीर झाला.”

“मग?”

“या महिन्याची पाळी माझी आहे. टाकी मी भरते.”

“तुझे साहेब भरू देतील?”

“त्यांना मी विचारणार नाही.”

भोंग्याने तिच्याकडे बघितलं. ज्या बाईने सकाळी टाकी उपसली तीच संध्याकाळी हे सांगत होती, आणि त्याला घरी पाय सुजलेली गरोदर सून होती, नातवंड पाहायचं होतं. “भरशील?” त्याने पुन्हा विचारलं.

“भरते. महिना संपायच्या आत.”

त्याने चांगला हात पुढे केला, तिने तो धरला, आणि दोघं आपापल्या लाँचकडे गेले.

पुढचे दिवस म्हणजे निव्वळ संताप. इकडच्या रेडिओने सांगितलं, की शेजारी देशाच्या बचावपथकाच्या हलगर्जीपणामुळे आपल्या एका महिलेचा करुण अंत झाला. तिकडच्या रेडिओने सांगितलं, की शेजाऱ्यांनी सामाईक तेल चोरून माणुसकीला काळिमा फासला. सुईणबाईचं नाव तिकडच्यांना ठाऊक नव्हतं आणि इकडच्यांनी चुकीचं सांगितलं. परिषदेत दोन्ही शिष्टमंडळं टेबल आपटून एकाच दिवशी उठून गेली, जेवण करून. आणि ज्या बाईला जिवंतपणी न्यायला दोन्ही देशांना दोन कॅन तेल जमलं नाही, तिच्या मरणाचा निषेध करायला मंत्री मोटारींच्या ताफ्यासकट धक्क्यावर येऊन गेले.

“ताफ्याला किती लागलं असेल हो?” मिस्त्री म्हणाला. या वेळी त्याला स्वतःलाही हसू आलं नाही.

त्यानंतर साहेब पुन्हा आला. बरोबर कॅमेरावाला. साहेब आणखी वाळला होता.

“बाई, एकच वाक्य बोलायचंय. आपण बेटावर गेलो तेव्हा टाकी आधीच रिकामी होती. बस्स. शिष्टमंडळ परत टेबलावर बसायचं तर आपली बाजू भक्कम हवी. सहकार्यासाठीच चाललंय हे सगळं.”

“सहकार्यासाठी?”

“म्हणजे बरोबरीने बसता आलं पाहिजे ना. दबून कसं बसणार?”

“साहेब, बसा,” ती म्हणाली. तो बसला. “मी आणि भोंगा, आमचं सहकार्य चालू होतं. कुणी टेबल दिलं नव्हतं, खडकावर चालू होतं. तेल मुबलक होतं तेव्हाही आणि थेंब थेंब झालं तेव्हाही. थेंब झाल्यावर आम्ही जास्तच जपून वागायला लागलो, कारण आता त्यात काही कमी पडलं तर माणूस जातं हे दोघांनाही ठाऊक होतं. ते तुम्ही मोडलंत. एका सकाळीत. तेलासाठी म्हणावं तर किती तेल होतं हो ते? तुमच्या मंत्र्याच्या गाड्यांनाही पुरलं नसतं. तुम्हाला फक्त ते त्यांच्या आधी हवं होतं. आणि आता मी म्हणायचं की भोंगा चोर? हात मोडला असताना आमच्या बाईला उबेत धरून बसला, तो चोर?”

“असं कुणी म्हणत नाही हो, ते लोक म्हणजे तो नव्हे—”

“ते लोक म्हणजे तोच. मला दुसरे कुणी माहीत नाहीत.”

कॅमेरावाल्याने विचारलं, सुरू करू का? तांडेलबाई म्हणाली, करा. आणि काचेकडे बघून, हळू, नेहमीच्या आवाजात सांगितलं: टाकी भरलेली होती. मी रिकामी केली. हुकूम साहेबांचा होता, हात माझा होता. कळवायचा शब्द साहेबांनी दिला होता आणि पाळला नाही.

ते अर्थातच कुठे दाखवलं गेलं नाही. झालं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी हुकूम आला. बचावकेंद्र इंधन खात्याच्या ताब्यात, लाँच त्यातल्या तेलासकट जमा, तांडेलबाईंनी उद्या सकाळी किल्ल्या नव्या माणसाच्या हवाली कराव्यात.

महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. संध्याकाळी ती आणि मिस्त्री लाँचवर आले. त्या दिवशी काठोकाठ भरलेलं होतं, त्यातलं बरंचसं अजून टाकीत होतं. तिने कॅन एका ओळीत मांडले आणि पाइप उलटा लावला.

“बाई, लाँच कोरडी ठेवणार?” मिस्त्री म्हणाला.

“कोरडी कशाला? बेटापर्यंत जाण्यापुरतं ठेव. नवा माणूस हाका आल्या तर निघू शकला पाहिजे. त्याला सांगून ठेव, उरलेलं कुठे आहे ते.”

“त्याला सांगू? तो साहेबाला सांगेल.”

“सांगू दे. मी काही लपवून नेत नाहीये.”

“आणि आपल्या साहेबाने पुन्हा उपसलं तर? का त्यांच्याकडेही असाच एक साहेब असेल, त्याने उपसलं तर? सगळं पाण्यात. नाही, म्हणजे मी विचारतोय फक्त.”

ती कॅनचं झाकण घट्ट करत होती. “उपसलं तर उपसलं. तेव्हा मी काय करीन ते तेव्हा. पण भोंगा अर्ध्या टाकीने निघतो आहे मिस्त्री, रोज. मी सांगितलं म्हणून.”

मिस्त्री डोकं खाजवत उभा राहिला. मग खाली वाकला आणि दुसरा कॅन धरला. “तुमची अटक झाली तर जामीन राहायला मी येणार नाही. माझी बायको सोडायची नाही.”

“नको येऊस.”

“तरी येईनच बहुतेक,” तो म्हणाला.

उजाडता उजाडता वारा पडलेला होता. तिने आंघोळ केली, देवापुढे बसली, आणि रोज बसते तेवढाच वेळ बसून उठली. धक्क्याच्या टोकाला मामांची वल्ह्याची जुनी होडी बांधलेली होती. लाँच न्यायची तर वाटेतच तेल जळलं असतं, आणि आता थेंबही वाटेत घालवायचा नव्हता. मिस्त्रीने कॅन आधीच होडीत ठेवून, हलू नयेत म्हणून जुन्या जाळ्याने आवळून बांधले होते, आणि स्वतः कुठे तरी तोंड लपवून बसला होता.

तिने किल्ल्या केंद्राच्या दाराला, आल्या माणसाला दिसतील अशा अडकवल्या. मग पदर खोचला, होडीत बसली, दोर सोडला आणि वल्हं पाण्यात घातलं.